फायबरचं हरीण आणि पुढचं सौंदर्यीकरण

सगळ्यात आधी एक हरीण घ्या. फायबरचं. जिवंत नको, त्याला चारा लागतो आणि मुख्य म्हणजे ते पळून जाऊ शकतं. फायबरचं एकदा चौकात बसवलं की बसवलं. पहिल्या पावसाळ्यात एक शिंग जातं, दुसऱ्यात रंग जातो, तिसऱ्या वर्षी हे हरीण होतं की शेळी यावर कट्ट्यावर चहाची पैज लागते, खरं तोवर तुमचं बिल पास झालेलं असतं. (बाहेरच्यांसाठी: आमच्या बेळगावात ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतात, त्याचा खरेपणाशी काही संबंध नाही, सौंदर्यीकरणाच्या लेखात हे आधीच सांगून टाकलेलं बरं.)

तर तुम्हाला कुणीतरी बोलावून सांगितलंय की शहराचं डाउनटाउन परत जिवंत करायचंय, पब्लिक आर्ट पाहिजे, वॉकिंग ट्रेल पाहिजे, पार्क पाहिजे. अभिनंदन. पहिली अडचण म्हणजे डाउनटाउन शोधायचं कुठं. मी घरात आईला विचारलो, डाउनटाउन म्हणजे काय गा? डाउन म्हणजे खाली हे तिला ठाऊक होतं, ती म्हणाली, “खालचं गाव म्हणजे? पाणी साचतंय तिकडचं काय?” नकाशात तसं नसतं. नकाशात गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार, रामदेव गल्ली, किर्लोस्कर रोड असा सगळा टापू एका लाल गोलात घातलेला असतो आणि वर लिहिलेलं असतं की हा भाग निर्जीव होत चालला आहे. शनिवारी संध्याकाळी त्या निर्जीव भागातनं स्कूटर काढून दाखवा. भांडी, साड्या, नारळ, मोबाईलची कव्हरं, कुंदा, सगळं हातभर अंतरात, आणि मधनं एक माणूस डोक्यावर गादी घेऊन “बाजू, बाजू” करत चाललेला. असल्या जागेला आधी मेलेलं ठरवावं लागतं, त्याशिवाय जिवंत करण्याचं टेंडर निघत नाही.

पैशाची काळजी करू नका, सवय आहे आपल्याला. स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांची यादी जानेवारी २०१६ मध्ये आली त्यात आपलं नाव होतं, फटाके वाजले होते. केंद्राचे ५०० कोटी, राज्याचे ५०० कोटी असा एका शहराचा हिशेब. मिशन ३१ मार्च २०२५ ला संपलं. एवढ्या वर्षात आपण काय शिकलो म्हणाल तर पीपीटी वाचायला शिकलो. पीपीटीतल्या रस्त्यावर गाय नसते, भाजीची बुट्टी नसते, दुचाकी तर एकपण नसते. एक गोरी बाई कानात हेडफोन घालून पळत असते आणि तिच्या मागं एक गोरा म्हातारा कुत्रं घेऊन. दोघंही कपिलेश्वर पुलाखालनं येताना दाखवलेत म्हणजे प्रकल्प आपलाच आहे असं समजायचं.

आता अभ्यास दौरा. याला पर्याय नाही. न्यूयॉर्कची हाय लाइन बघून या. १९३४ ची उंचावरची मालगाडीची लाइन होती, शेवटची गाडी १९८० ला गेली, मग रूळ गंजले, त्यात गवत-झुडपं आपोआप उगवली, पाडून टाकायचं चाललं होतं तर आजूबाजूची माणसं आडवी पडली आणि २००९ ला तिचा पहिला भाग बाग म्हणून उघडला. मूळच्या रानटी गवतासारखंच गवत मुद्दाम लावलंय तिथं. आता ही गोष्ट आपल्याला लागू कशी करायची? सोपं आहे. गवत मुद्दाम लावायची भानगड आपल्याकडं नाही, ते आहेच. रेल्वेपण आहे, फक्त ती अजून चालू आहे, तेवढं एक. तरी तिसऱ्या रेल्वे गेटला गेट पडून माणसं थांबायची तेव्हा चांगली पाच-दहा मिनिटं गप्पा व्हायच्या, सोयरिकी जुळल्यात म्हणे काही, तसली सार्वजनिक जागा कुठल्या पीपीटीत बसणार.

सोललाही जाऊन या. तिथं चोंग्ग्येचॉन नावाचा ओढा होता, त्यावर त्यांनी स्लॅब टाकला, स्लॅबवर रस्ता, रस्त्यावर उड्डाणपूल, आणि मग २००३ ते २००५ मध्ये हे सगळं उपसून काढलं आणि जवळजवळ सहा किलोमीटर पाणी परत उघडं केलं, माणसं आता पायऱ्यांवर पाय सोडून बसतात. हे बघून आल्यावर तुम्ही इथं बरोबर उलटं करायचं. नाला दिसला की स्लॅब. स्लॅबवर पेव्हर, पेव्हरवर बाकडं, बाकड्यावर सौजन्य म्हणून तुमचं नाव. खाली बळ्ळारी नाला काय करायचं ते करतोच, दरवर्षी वडगाव-शहापूर-येळ्ळूरच्या शिवारात शिरतो, बासमतीचं पीक पाण्याखाली जातं, शेतकरी निवेदन देतात, निवेदन देतानाचा फोटो येतो. त्या फोटोत तुम्ही मधे उभं राहा.

पब्लिक आर्टचं मात्र जपून. बाकी गावात भिंतीवर काय काढावं हा प्रश्न चित्रकाराचा असतो, आपल्याकडं तो पोलीस बंदोबस्ताचा होतो. शहराजवळच्या पिरनवाडीचं २०२० सालचं आठवा. चौकात पुतळा बसवण्यावरनं किती तापलं, शेवटी पुतळा इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णांचा आणि चौकाला नाव शिवाजी महाराजांचं असा तोडगा निघाला. दोघंही आयुष्यभर परक्या सत्तेशी लढले, त्यांना काय ठाऊक एवढ्याशा चौकात एकमेकांना जागा करून द्यावी लागंल म्हणून. ते सोडा, साधं गाणाऱ्या माणसाचं चित्र काढायचं म्हणा. कुमार गंधर्व इथल्या सुळेभावीचे, जन्म १९२४. घर कन्नड, मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ, शिकले मुंबईत, मराठी माणसांनी डोक्यावर घेतलं, राहिले देवासला आणि गायले कबीर. आता चित्राखाली नाव कुठल्या लिपीत लिहिणार? फलकावर ६० टक्के कन्नड पाहिजे असा २०२४ चा कायदा आहे, तो भिंतीवरच्या कुमारांना लागू होतो की नाही यावर दोन बैठका, बैठकीचं इतिवृत्त कुठल्या भाषेत यावर तिसरी.

म्हणून फुलपाखरू काढा. फुलपाखराला मातृभाषा नसते. मोठे दोन पंख काढा आणि मधे जागा सोडा, मुली येऊन उभ्या राहतील, फोटो काढतील, दोन दिवसांत भिंतीचं नाव सेल्फी पॉइंट पडेल. फुलपाखरं संपली की वारली काढा. वारली चित्रकला डहाणू-तलासरीकडची, आपल्यापासनं पाच-सहाशे किलोमीटर, खरं तेच तर बरं, इथला कोण दावा सांगायला येत नाही. खासबाग-वडगावच्या मागावरचा माणूस मात्र चुकूनसुद्धा काढू नका. तो भिंतीवर आला की खाली उभा राहून स्वतःच विचारणार, सुताचा दर काय झालाय ठाऊक आहे काय साहेब? असली बोलणारी चित्रं डाउनटाउनला परवडत नाहीत.

पार्क. पार्कचं पहिलं काम म्हणजे कुलूप. सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी चार ते सात, मधल्या वेळात जेव्हा ऊन असतं आणि माणसाला सावली पाहिजे असते तेव्हा बंद. दुसरं काम फलक: गवतावर बसू नये, चेंडू खेळू नये, फुलं तोडू नयेत, डबा खाऊ नये, जोडप्यानं... ते पुढचं पुसलेलं असतं. चिंचेचं झाड असलं तर ते आधी काढावं लागतं कारण ते ड्रॉइंगमध्ये नसतं. त्याच्या जागी बॉटल पाम लावायचे, बारके बारके, रांगेत. सावली नाही, पक्षी नाही, पालापाचोळा नाही, म्हणजे झाडापासनं जो जो त्रास होतो तो एकपण नाही. आमच्या इकडच्या बागेत ओपन जिम आलं तेव्हा पहिला आठवडा पोरं लटकली, मग एकेक नट ढिला झाला, आता उन्हाळ्यात त्या पायानं ढकलायच्या यंत्रावर शेजारच्या वैनी कापड टाकून सांडगे वाळत घालतात. यंत्राचा इतका चांगला उपयोग मी दुसरीकडं बघितलेला नाही, तेवढी पाटी फक्त बदला.

(कॅम्पात झाडं एवढी मोठी कशी राहिली असं कुणी विचारलं तर विषय बदला. तिथलं काय पाडायचं-वाढवायचं ते लष्करी नियमात अडकतं, त्यामुळं सौंदर्यीकरण अजून पुरतं पोचलेलं नाही.)

ट्रेलला आपल्याकडं मालाची कमतरता नाही. किल्ल्यात १२०४ ची कमल बस्ती म्हणजे जैन मंदिर आहे, सफा मशीद आहे. रिसालदार गल्लीत स्वामी विवेकानंद १८९२ ला उतरले होते. टिळकवाडीला काँग्रेस विहीर आहे. १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन इथं झालं, गांधीजी अध्यक्ष झालेलं ते एकच. देशभरातनं माणसं येणार, त्यांना पाणी लागणार, म्हणून विहीर खणली. बघा किती मागासलेले लोक होते, पाणी लागणार म्हणून विहीर! एकानं तरी म्हणावं की नाही, आधी थीम ठरवूया. तर हे सगळं जोडणारा हेरिटेज ट्रेल तुम्ही करा, म्हणजे बाण असलेले खांब पुरा. चालायला फूटपाथ आहे की नाही ते बघायचं काम खांबाचं नाही. आमच्या घराजवळ असाच एक खांब पुरला होता, बाण कुठल्या तरी वारशाकडं होता, मग केबलवाल्यांनी खणलं, खांब काढून बाजूला ठेवला, परत लावताना बाण फिरला. आता तो थेट ट्रान्स्फॉर्मरकडं बोट दाखवतो. त्यावर क्यूआर कोड पण आहे. एकदा एक बाहेरगावचं जोडपं तो स्कॅन करून बराच वेळ ट्रान्स्फॉर्मरकडं आदरानं बघत होतं, मी काय बोललो नाही.

खणायचा मुहूर्त मात्र चुकवू नका. बाजारपेठेतलं काम श्रावणात काढायचं, म्हणजे गणपतीच्या ऐन गर्दीत दुकानापुढं खड्डा आणि खड्ड्यावर फळी असते. फळीवरनं गणपती डोक्यावर घेऊन जाणारा माणूस तुम्ही बघितला नसेल तर तुम्ही पब्लिक आर्ट बघितलंच नाही. दुकानदार ओरडतात, त्यांना सांगायचं, थोडे दिवस कळ काढा, पुढं फूटफॉल वाढणार आहे. फूटफॉल हा शब्द त्या खड्ड्यापुढं म्हणू नका, म्हणजे झालं.

सगळ्यात शेवटी फेरीवाले. ही पायरी बरेच जण घाईत आधीच घेतात आणि फसतात. आमच्याकडं एका कोपऱ्यावर एक आक्का बसतात, मोगरा, अबोली, शेवंती, तिथं बसून त्यांना तीस वर्षं तरी झाली असतील, माझ्या मुंजीचा हार त्यांचाच. त्यांच्या मागची भिंत कलेसाठी निवडली गेली. विषय: बाजारातली फुलवाली. चित्रकार पोरगा गुणी होता, आक्कांनाच म्हणाला, तुम्ही बसा, मी काढतो. दोन दिवस बसल्या बिचाऱ्या, गिऱ्हाईक सांभाळत. चित्र झकास झालं, दोन मजली. नऊवारी, चंद्रकोर, नाकात नथ. आक्का वर बघून म्हणाल्या, “नथ मी कवा घातलो गा?” पोरगा म्हणाला, कन्सेप्टमध्ये आहे.

मग चित्र झाल्यावर लक्षात आलं की चित्रापुढं एक बाई फुलं विकत बसलेली आहे आणि तिच्यामुळं चित्र नीट दिसत नाही.

उठवलं. आता त्या मागच्या बोळात बसतात, नाल्याच्या तोंडाशी. धंदा बसला म्हणाल तर तसंही नाही, फोनवर गिऱ्हाइकाला सांगतात, “माझं चित्र हाय बघ मोठं, त्याच्या ढुंगणाकडनं आत ये.” उद्घाटनाला मंडप पडला, बॅन्ड आला, पाहुणे आले. पाहुण्यांना सवय असते, समोर माणसाचं मोठं चित्र दिसलं की हात आपोआप तबकाकडं जातो. चित्राच्या पायाशी खिळा ठोकून त्यांनी भलामोठा हार घातला, दोन उदबत्त्या लावल्या आणि हात जोडून उभे राहिले, मागं आम्ही सगळे उभे राहिलो, कुणीतरी चप्पलसुद्धा काढली.

गर्दीतनं आक्का पुढं आल्या. “मेलो काय मी?” म्हणाल्या. पाहुण्यांनी मागं वळून बघितलं, चित्राकडं बघितलं, परत आक्कांकडं. नथ नव्हती, त्यामुळं ओळख पटली नाही.

“आन हार माझ्याकडनंच न्हेलेत,” आक्का म्हणाल्या, “पैसे कोण देणार?”