कॅप्टन काय फक्त नाणेफेकीपुरता?

फुटबॉल संघ लागोपाठ हरू लागला की गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत फोनवर एकच संदेश फिरतो. मथितार्थ असा: खेळाडूंच्या नेतृत्वाच्या गप्पा बंद करा, कॅप्टन नाणेफेकीपुरता असतो, कोच हाकला की निकाल बदलतात, एफसी गोवाने २०२० मध्ये तेच करून दाखवलं, आणि नेता हवाच असेल तर मोठ्या नावाचा परदेशी आणा.

नाणेफेकीपासूनच सुरुवात करू. नियमांचं पुस्तक वरवर हा संदेश पाठवणाऱ्यांच्या बाजूचं आहे. कॅप्टनला विशेष दर्जा नाही, सवलत नाही, संघाच्या वागणुकीची थोडी जबाबदारी तेवढी आहे. पण त्याच नियमांत टाइमआउटही नाही. कडक उन्हातला पाणी पिण्याचा थांबा सोडला, तर कोचला खेळाडूंशी धड बोलायला मध्यंतरच मिळतं. एरवी तो आखलेल्या चौकोनात उभा. फातोर्ड्याचं स्टेडियम भरलेलं असताना पलीकडच्या कडेने खेळणाऱ्या विंगरला त्याचं ओरडणं काय ऐकू येणार, कपाळ!

आणि हरणारा संघ नेमका या न ऐकू येणाऱ्या मिनिटांतच मोडतो. गोल खाल्ला की पुढचे खेळाडू बरोबरीच्या घाईने वर धावतात, मागचे धास्तीने आपल्या पेनल्टी बॉक्सकडे सरकतात. मधे मैदान ओस. प्रतिस्पर्ध्याचा मिडफिल्डर तिथे चेंडू घेऊन आरामात मान वर करतो आणि दुसरा गोल तिथूनच शिजतो. हे अंतर मिटवायला मैदानातलाच कोणीतरी लागतो. बचावफळीला दहा पावलं पुढे ओढणारा स्टॉपर, गोल किकला मुद्दाम दोन श्वास जास्त घेणारा गोलकीपर, ‘फाटल्यान मनीस!’ (मागे माणूस आहे!) अशी वेळेवर हाक घालणारा साइड बॅक. दंडाला कॅप्टनची पट्टी असो वा नसो. मी नेतृत्व म्हणतो ते हे, आणि ते एकट्याने भागत नाही. अशी तीन-चार माणसं लागतात.

आता २०२०. जानेवारीअखेर कोच सर्जिओ लोबेरा यांना काढलं आणि फेब्रुवारीत एफसी गोवाने लीग शील्ड, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या साखळीत पहिलं येणाऱ्याची ढाल, जिंकली, हे खरंच. पण तो संघ गाळात नव्हता, अव्वल स्थानासाठीच झुंजत होता. सूत्रं गेली ती कुणा नव्या जादूगाराकडे नव्हे, तर आपल्याच क्लिफर्ड मिरांडांकडे. मैदानात मंदार राव देसाई, ब्रँडन फर्नांडिस, कोरो, एदू बेदिया हेच होते. जमशेदपूरला ५–० हरवून शील्ड घेतली ती त्यांनी. ज्यांना या गोष्टीत फक्त कोचबदल दिसतो, त्यांनी पुढचं पानही वाचावं: तोच संघ, तोच नवा कोच, आणि उपांत्य फेरीच्या पहिल्या लढतीत चेन्नईयिनकडून ४–१ असा मार.

खरोखर तळाला गेलेला संघ बघायचा तर इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला २०१४–१५ चा लेस्टर सिटी बघा. कित्येक महिने शेवटच्या क्रमांकावर. कोच नायजेल पिअरसन यांना ठेवलं. शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून संघ चौदावा आला. वेस मॉर्गन कॅप्टन, जोडीला त्याच हंगामात आलेला मुरब्बी मिडफिल्डर कांबियासो. पुढच्या वर्षी नव्या कोचच्या हाताखाली ते विजेते झाले, मान्य. पण वाचले ते जुन्याच कोचबरोबर. कोच कधीच बदलू नये असं मी म्हणत नाही. तालमीचा पत्ता नाही आणि डावपेच तेच ते, असं असेल तर बदलायलाच हवा.

परदेशी नावाचा मुद्दा दोन ओळींचा. २०१६ मध्ये एफसी गोवाकडे कोच म्हणून झिको होते आणि बचावात लुसियो, ब्राझीलच्या २०१० विश्वचषक संघाचा कॅप्टन. आठ संघांत गोवा आठवा!

यावर कोणी २०१० च्याच विश्वचषकातला फ्रान्स दाखवेल. स्ट्रायकर अनेल्काला घरी पाठवलं म्हणून कॅप्टन एव्हरासकट खेळाडूंनी सराव नाकारला आणि संघ एका गुणानिशी गटात तळाला राहिला. बरोबर. खेळाडूंचा शब्द संघाला बुडवूही शकतो. पण म्हणजे त्या शब्दाला वजन आहे, हे तुम्हीच कबूल केलंत.

खरी खोट आपल्या गावातल्या क्लबांत आहे. कमिटी पट्टी बांधते ती बहुधा सर्वांत जास्त गोल करणाऱ्याच्या नाहीतर सर्वांत जुन्या खेळाडूच्या दंडाला. स्ट्रायकरचं तोंड समोरच्या गोलकडे. मागची ओळ कुठे फाटली ते त्याला उशिरा कळतं. गोलकीपरला अख्खं मैदान दिसतं. ऐंशीच्या दशकात भारताचं कर्णधारपद सांभाळणारे आपले ब्रह्मानंद शंखवाळकर गोलकीपरच होते.