चार चाकं आणि शहाण्णव शून्य नऊ

कोथरूडात माझं स्टेशनरीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. माल रविवार पेठेतून उचलायचा, टेम्पोवाल्याशी पन्नास रुपयांवरून भांडायचं आणि जूनमध्ये वह्या खपल्या की वर्षभर देवाचे आभार मानायचे, एवढा साधा धंदा. पण गेल्या वर्षी माझ्या डोक्यात किडा वळवळला की होलसेलवाला जो कलर सेट आपल्याला देतो तो तरी कुठून आणतो, चीनमधूनच ना, मग आपणच डायरेक्ट मागवला तर? यिवूच्या एका सप्लायरने मोबाईलवर फोटो पाठवला आणि मी जागेवर खलास. पिवळीधम्मक बस, तिचं टप उघडलं की आत तीन मजली ट्रे, त्यात मेणखडू, तेलखडू, रंगीत पेन्सिली, स्केचपेन, वॉटर कलरच्या वड्या, ब्रश, खोडरबर, शार्पनर, सहा इंची पट्टी, सगळं. आणि खाली चार चाकं. खरोखर फिरणारी! मी म्हणलं सहाशे पाठव.

ही चाकं मला किती महागात पडणार हे तेव्हा कळलं असतं तर मी बिनचाकाची बस मागवली असती.

सीएचए म्हणजे कस्टम्सचं काम करणारा एजंट, तो आमच्या घरातलाच, बायकोचे मामा. मुंबईच्या कस्टम हाउसपायी चाळीस वर्षं बॅलार्ड इस्टेटात चपला झिजवलेला माणूस. माल जहाजात चढल्यावर मी त्यांना कागद पाठवले, दहा मिनिटांत फोन.

"जावईबापू, इन्व्हॉइसवर टॉय कोणी लिहिलंय?"

मी बघितलं तर सप्लायरने प्रेमाने लिहिलं होतं, 'किड्स पेंटिंग टॉय सेट'. मी म्हणलं मामा त्यात काय एवढं, लहान मुलांचंच आहे की. पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की खेळण्यांवरची ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये २० टक्क्यांवरून ६० केली आणि २०२३ मध्ये ७०, आणि ते परवडलं एकवेळ, पण १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला बीआयएसचा, म्हणजे सरकारी मानक संस्थेचा, मार्क लागतो, तो पण परदेशातल्या कारखान्याने लायसन काढून घ्यायचा. "तुमच्या यिवूवाल्याकडे आहे?" यिवूवाल्याला विचारलं तर त्याने अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं, म्हणजे नाही.

मग मामांनी माझा क्लास घेतला. कस्टम्समध्ये प्रत्येक वस्तूला एक कोड असतो आणि ड्युटी त्यावरून ठरते. जगात दोनशेवर देश जे कोड वापरतात ते एकच, ब्रुसेल्समध्ये बसून ठरवलेले, १९८८ पासून चालू, आपल्याकडे ते आठ आकडी होतात. पहिले चार आकडे म्हणजे वस्तूचं गाव, आणि माझ्या त्या एका डब्यातल्या प्रत्येक वस्तूचं गाव वेगळं. पेन्सिली आणि खडू ९६०९, स्केचपेन शेजारच्या घरात ९६०८, रंगाच्या वड्या थेट ३२१३ म्हणजे केमिकलवाल्यांच्या वस्तीत, ब्रश ९६०३ मध्ये झाडूंच्या शेजारी, शार्पनर ८२१४ मध्ये, खोडरबर ४०१६, पट्टी ९०१७. मी बावीस वर्षं हे सगळं एका काउंटरवर विकतोय आणि मला वाटत होतं हे एकाच कुटुंबातले आहेत.

मी म्हणलं मग सात ठिकाणी सात ड्युट्या भरायच्या का. तर नाही. त्याला कोडांच्या पुस्तकातला नियम तीन आहे. वेगवेगळ्या वस्तू एका कामासाठी एकत्र पॅक केल्या आणि गिऱ्हाइकाला तशाच विकता आल्या तर तो सेट, आणि सेटचा कोड त्यातली जी वस्तू मुख्य तिचा. थाळीत लोणचं असतं म्हणून कोणी लोणच्याचं बिल फाडत नाही, हे मामांचं उदाहरण. पण पुस्तकातलं उदाहरण ऐकून मी उडालोच, तिथे चक्क आपली कंपासपेटी दिली आहे. पट्टी, कंपास, पेन्सिल, शार्पनर, प्लॅस्टिकचं पाकीट, सगळं मिळून ९०१७. मला वाटलं झालं काम, आपल्याकडे पण पट्टी आहे. मामा म्हणाले, "सहा इंची पट्टीवर सहाशे बसगाड्या चालत नाहीत, गप्प बसा." त्यांनी ९६०९ लावून कागद भरले.

आता आधी काय असायचं, साहेबाला जाऊन भेटता यायचं, डबा टेबलावर ठेवून उघडून दाखवता यायचा. २०२० पासून कागदांची तपासणी फेसलेस झाली. माल एका बंदरात, मी पुण्यात, मामा मुंबईत आणि कागद तपासणारा साहेब देशातल्या तिसऱ्याच गावात, कोण ते माहीत नाही. चौथ्या दिवशी स्क्रीनवर क्वेरी आली. वळणदार इंग्रजी होतं, अर्थ एवढाच की हा जर रंगांचा सेट आहे तर ह्याला चाकं कशाला?

खरं सांगू, प्रश्न बरोबर होता. मलाही उत्तर येत नव्हतं.

त्यात सप्लायरच्या कॅटलॉगमधले सगळे फोटो बघितले तर एकात तरी पोरगं चित्र काढतंय? नाही. सगळीकडे पोरं फरशीवर बस ढकलतायत. मामा म्हणाले असं आहे, वस्तूच्या आकाराचा खास डबा असेल तर डबा आतल्या मालाबरोबरच जातो, नियम पाच. पण डबाच मुख्य वस्तू ठरत असेल तर नाही, चांदीच्या डब्यात चहापत्ती आणली तर तो चहा धरत नाहीत, चांदीचा डबा धरतात. म्हणजे आता आपल्याला सिद्ध करायचंय की बस हा चांदीचा डबा नाही. "नग, वजन, किंमत, सगळ्याचा तक्ता करून पाठवा आज."

त्या रात्री आमच्या डायनिंग टेबलवर काय चाललं होतं ते शेजाऱ्यांनी बघितलं असतं तर पोलीस बोलावले असते. सॅम्पल म्हणून आलेला एक डबा होता, बायकोचा केकसाठीचा वजनकाटा घेतला आणि एकेक खडू मोजायला बसलो. चोवीस मेणखडू, बारा तेलखडू, चोवीस पेन्सिली म्हणजे ९६०९ चे साठ नग, स्केचपेन चोवीस, वड्या बारा. नगात आपण जिंकलो, किमतीत पण जिंकलो. मग रिकामी बस काट्यावर ठेवली. सगळ्या रंगांपेक्षा जड! मी ती उचलून परत ठेवली, जसं काही दुसऱ्यांदा वजन कमी भरणार आहे. बायको म्हणाली माझा काटा बरोबर आहे, तुमचा धंदा बघा.

एवढ्यात आमची पाच वर्षांची चिऊ झोपेतून उठून आली. मी तिला अगदी निष्पाप आवाजात विचारलं, बाळा हे काय आहे सांग. तिने ट्रे बाहेर काढला, साठ नग माझ्या ताटात ओतले, रिकाम्या बसमध्ये बाहुली बसवली, एक चमचा बसवला आणि फरशीवर घरघर करत निघून गेली. मी मामांना फोन करून सांगितलं. मामा म्हणाले हे कुठे बोलू नका.

उत्तर मात्र मामांनी झकास लिहिलं, तीन पानी. नगांचा आणि किमतीचा तक्ता टाकला, वजनाचा रकाना जागेअभावी राहिला असं म्हणूया. खरा हुकमाचा एक्का म्हणजे कोडांच्या पुस्तकातल्या खेळण्यांच्या प्रकरणावर ज्या अधिकृत टिपा आहेत त्यातच लिहिलंय की मुलांसाठीचे खडू खेळण्यात धरू नका, ते ९६०९, आणि मुलांचे रंग ३२१३. आणि वर नियम तीनचं शेवटचं कलम, काहीच ठरेना तर बरोबरीचा हक्क असलेल्या कोडमध्ये जो आकड्याने शेवटी येतो तो घ्यायचा, आणि खेळण्यांच्या ९५०३ पेक्षा ९६०९ मोठा. शेवटचा नंबर आल्यामुळे फायदा होतोय असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं, शाळेत असताना हा नियम कुठे होता देव जाणे. मी मामांना विचारलं असल्या गोष्टींवर माणसं खरंच भांडतात का, तर म्हणाले खोबरेल तेल खायचं की केसांचं यावर सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, निकाल डिसेंबर २०२४ मध्ये लागला. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल खाद्यतेलच, बाटलीवर हेअर ऑइल म्हणून विकल्याच्या खुणा नसतील तर. माझी आजी एकाच बाटलीतून दोन्ही करायची, तिला कोणत्या कोडात घातलं असतं काय माहीत.

तरी माल उघडून बघायचा हुकूम आलाच. गोडाऊनचं भाडं रोज चढत होतं, मी रोज रात्री कॅल्क्युलेटरवर नफा बघायचो, तो आधी बारीक झाला मग दिसेनासा झाला. तपासणीच्या दिवशी मामांबरोबर मीही गेलो. डोक्यावर पत्रा, मे महिना, आणि मधोमध एका लाकडी टेबलावर माझी पिवळी बस. तपासणारे साहेब मध्यमवयीन, घामेजलेले. त्यांनी टप उघडलं, एक निळा तेलखडू काढून खोक्याच्या पुठ्ठ्यावर ओढून बघितला, वास घेतला. मग झाकण लावून बस टेबलावर ठेवली आणि एका बोटाने पुढे ढकलली. माझ्या पोटात गोळा. बस चार इंच गेली आणि पुढचं डावं चाक निखळून टेबलावरून खाली घरंगळत गेलं.

मामांनी आयुष्यभराचा अनुभव पणाला लावला. "बघा साहेब," ते म्हणाले, "ह्याच्याशी कोण खेळणार?"

साहेब पहिल्यांदा हसले. दुसरा डबा उघडला, त्याचंही चाक गेलं. मी मनातल्या मनात यिवूवाल्याला साष्टांग नमस्कार घातला. त्यांनी काय रिपोर्ट लिहिला मला माहीत नाही पण तिसऱ्या दिवशी ९६०९ वर आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडायचा हुकूम, मिळाला.

माल दुकानात लागला. चांगला खपतोय, फायदा विचारू नका. परवा एक बाई डबा घेऊन तावातावाने परत आल्या, म्हणाल्या कालच नेली ही बस आणि लगेच चाक निघालं. मी त्यांना समजावलं, ताई, ही बस नाहीच आहे, हा रंगांचा सेट आहे, आमच्याकडे सरकारी कागद आहे तसा.

त्यांनी डबा उलटा केला, उरलेल्या तीन चाकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग ह्याला चाकं कशाला?"

मी मामांना फोन लावला.