संपामुळे चीन पुढे गेला म्हणे

सकाळपासून डोकं भणभणतंय म्हणून लिहितोय. सोसायटीच्या ग्रुपवर एकाने ग्राफ टाकला, चीन आणि भारत, कारखान्यांचं उत्पादन, 1980 पासून आजपर्यंत. चीनची रेघ आभाळात, आपली जमीन धरून. आणि खाली लिहिलंय, 'युनियनवाल्यांनी वाट लावली, गिरणी कामगारांना विचारा.' वर हसणारे चार इमोजी.

विचारा ना. माझ्या बाबांना विचारा. मुंबईच्या कापड गिरणीत साचेखात्यात होते, साचे म्हणजे कापड विणायचे माग. आईच्या शिलाई मशीनचा दोरा तुटला की गप्पा मारता मारता दोन बोटांत सांधून द्यायचे, बघायचेसुद्धा नाहीत, आणि गाठ कुठेय ते आम्हा पोरांना शोधून सापडायचं नाही. ह्या माणसामुळे देश मागे पडला?

आकडे खरे आहेत, नाही म्हणत नाही. कारखानदारीत चीन आज आपल्या जवळपास दहापट आहे, 2010 मध्ये तर त्यांनी अमेरिकेलाही मागे टाकलं. पण 1980 ला डॉलरमध्ये दरडोई उत्पन्न काढलं तर चीनचा माणूस आपल्यापेक्षा गरीब होता हो! त्यांच्याकडे कारखाने तेव्हाही जास्त होते आणि लिहितावाचता येणारी माणसंही जास्त, हे मान्य, पण मग शाळा कोणी काढायच्या होत्या, साचेवाल्यांनी?

त्याच 1980 ला त्यांनी शेन्झेनला विशेष आर्थिक क्षेत्र सुरू केलं. आपण निर्यातीसाठी असं क्षेत्र कांडल्याला 1965 लाच काढलं होतं, आशियातलं पहिलं, आणि ते छोटंच राहिलं. वर आठशेच्या वर वस्तू लघुउद्योगासाठी राखीव, त्यात तयार कपडेसुद्धा, म्हणजे मोठा कारखाना काढायचाच नाही. तिकडे एकेका छपराखाली हजारो मुली शिलाईला बसत होत्या आणि इकडे माझी आई चाळीच्या गॅलरीत एकटी ब्लाऊज शिवत होती, कारण 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि घरात पगार यायचा बंद झाला. त्या यादीतल्या शेवटच्या वस्तू 2015 ला मोकळ्या झाल्या. 2015!

संप ताणला गेला, हे बाबाही म्हणतात. पण अडीच लाख माणूस हौसेने नाही उतरला रस्त्यावर. बाबा सांगतात, त्यांच्या खात्यातले साचे त्यांच्यापेक्षा वयाने मोठे होते, सुट्टे भाग मिळायचे नाहीत, सुताची तार तुटतच राहायची आणि हे सांधतच राहायचे. नवीन यंत्रं घ्यायला मालकांकडे पैसे नव्हते, जमिनीचं मात्र पुढे सगळ्यांना बरोबर सुचलं. डिसेंबर 2001 मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला, आणि त्याच वर्षी आपल्याकडे काय झालं? गिरण्यांच्या जमिनीचा नियम बदलला. आधी तीन वाटे व्हायचे, पालिका, म्हाडा (सरकारी घरं बांधणारी) आणि मालक. नंतर वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेची, बाकी सगळी मालकाची. 2006 ला सुप्रीम कोर्टातही ते टिकलं. मग टॉवर उभे राहिले, मॉल उभे राहिले, आणि ग्राफमधली आपली रेघ का वर जात नाही म्हणून विचारता? साचे होते तिथे आता आपण पॉपकॉर्न खातो रे.

चीनमध्ये स्वतंत्र युनियनच काढता येत नाही, हे त्या ग्राफवाल्याला चांगलं वाटत असेल. मला नाही वाटत. पण कामगाराला दाबूनच तो देश मोठा झाला असंही मी म्हणणार नाही, त्यांनी बंदरं बांधली, रस्ते केले, वीज दिली. हे तरी आपल्याला कोणत्या संपाने अडवलं होतं?

जाऊ दे. चिडून काही होत नाही, आणि तो मुलगा वाईट नाहीये, मागच्या पावसात बाबांना खांद्यावर धरून त्यानेच जिना चढवला होता. त्याला माहीतच नाही, कोणी सांगितलंच नाही.

दुपारी आईच्या मशीनसाठी बॉबिन केस आणायला दादरला गेलो होतो. दुकानदाराने दोन ठेवल्या, दोन्ही चायनाच्या. आपली नाही का विचारलं तर म्हणाला, माझ्याकडे येतच नाही भाऊ. घेऊन आलो. बाबांनी चष्मा लावून उलटीसुलटी करून बघितली, 'काम चांगलं आहे' म्हणाले आणि बसवली. सुईत दोरा ओवताना मात्र हात थरथरत होता, तो मी ओवला. मग दोरा तुटला. तो त्यांनीच सांधला.