खुलासा : पोस्टडॉक संशोधकाला पेशंटचं नाव दिसतं का?

नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर चार दिवसांपासून एक मेसेज फिरतोय : मानसिक आरोग्याच्या डेटा विश्लेषणासाठी पोस्टडॉक नेमतात, त्यांना पेशंटच्या फाइली नावासकट वाचायला मिळतात, तेव्हा मानसोपचाराला जाऊ नका. तो वाचून आमच्या शेजारच्या काकूंनी महिनाभर थांबून मिळालेली अपॉइंटमेंट रद्द केली. म्हणून हे लिहितोय.

पोस्टडॉक ही पदवी नव्हे. पीएचडीनंतरची, ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी आहे ती. अशा संशोधकाच्या स्क्रीनवर सहसा काय असतं? एक सांकेतिक क्रमांक, वयोगट ३०–३४, स्त्री, पीएचक्यू-९ चा स्कोअर १४. म्हणजे नैराश्याच्या नऊ प्रश्नांना ० ते ३ असे गुण, जास्तीत जास्त २७. अशा हजारो ओळी. नाव, फोन, पत्ता आधीच काढलेला असतो. लहान गावात वय आणि तारखेवरूनही माणूस ओळखू येऊ शकतो, म्हणून नुसतं नाव काढून भागत नाही. गावही गाळावं लागतं. ही काळजी रास्तच आहे, आणि संशोधनाआधी नैतिकता समितीने तीच तपासायची असते.

शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयता हा पेशंटचा हक्क केला आहे. तुमची माहिती कुठे जाते, हे डॉक्टरांना बेधडक विचारा.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५–१६ मध्ये १२ राज्यं होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडचा अभ्यास व्हायलाच हवा.

काकू, अपॉइंटमेंट पुन्हा घ्या. तोवर बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, चोवीस तास.