दात्याचा सत्कार करताना

स्मिथसोनियन ही अमेरिकेची राष्ट्रीय संग्रहालयं चालवणारी संस्था. तिच्या वॉशिंग्टनमधल्या आफ्रिकी कला संग्रहालयाने २०१६ साली 'आफ्रिकन आर्ट अवॉर्ड्स' सुरू केले. पहिल्या वर्षी मान मिळाला यिंका शोनिबारेसारख्या कलाकाराला. त्याबद्दल वादच नाही. पण असे पुरस्कार ज्या मेजवान्यांत देतात, तिथे कलेला पाठबळ देणाऱ्यांनाही हार घातले जातात, आणि मी थोडा सावध होतो.

पैसा लागतो, मान्य. हे संग्रहालयच एका माणसाच्या हट्टातून उभं राहिलंय. वॉरन रॉबिन्स हे जर्मनीत अमेरिकेचे सांस्कृतिक अधिकारी होते. तिथे त्यांना आफ्रिकी शिल्पांचा नाद लागला आणि १९६४ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या एका घरात संग्रहालय थाटलं. गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचं ते एके काळचं घर. पुढे १९७९ मध्ये संग्रह स्मिथसोनियनकडे गेला. रॉबिन्ससारख्यांसाठी मी उभा राहून टाळ्या वाजवीन.

पण याच संग्रहालयात २०१४ साली अमेरिकी विनोदी अभिनेता बिल कॉस्बी आणि त्याची बायको कॅमिल यांच्या संग्रहातल्या चित्रांचं प्रदर्शन लागलं. पुढच्या वर्षी बाहेर आलं, की त्यासाठी ७ लाख १६ हजार डॉलर कॉस्बींनीच दिले होते, आणि कॅमिलबाई संग्रहालयाच्या सल्लागार मंडळावर होत्या. चित्रं त्यांची, पैसा त्यांचा, भिंत तेवढी राष्ट्राची! अशा भिंतीवर टांगलेल्या चित्राचा भाव वाढतो, हे काय सांगायला हवं? तोवर बिलवर कितीतरी बायकांनी अत्याचाराचे आरोप केले होते. संग्रहालयाने खुलाशाची पाटी लावली आणि प्रदर्शन चालू ठेवलं.

त्याहून अवघड प्रकरण सिंडिका डोकोलोचं. अंगोलातल्या यादवीत डुंडोच्या संग्रहालयातून तिथल्या चोकवे समाजाचे मुखवटे आणि मूर्ती चोरीला गेल्या. या काँगोच्या संग्राहकाने त्यांतल्या काही युरोपातल्या व्यापाऱ्यांकडून हुडकून परत आणल्या. मोठं काम. पण तो अंगोलाच्या माजी राष्ट्राध्यक्षांचा जावई, आणि २०२० च्या 'लुआंडा लीक्स' या फुटलेल्या कागदपत्रांमध्ये नवरा-बायकोच्या संपत्तीचे धागे सरकारी पैशापर्यंत पोचले. चोरीच्या मूर्ती सोडवायला लागलेला पैसा त्याच देशाच्या तिजोरीतला असेल, तर हार कुणाच्या गळ्यात घालायचा? मी घातला नसता. मूर्ती परत आल्याचा आनंद मात्र आहेच.

देवळाच्या फरशीवर 'अमुक यांजकडून' कोरतात, तसं संग्रहालयातही पुष्कळ वस्तूंखाली दात्याचं नाव असतं. आजच्या नायजेरियातल्या जुन्या बेनिन राज्याच्या ब्राँझ शिल्पांखालीही होतं. ती मुळात १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने राजवाडा लुटून नेलेली. लुटीचा माल पुढे हातोहात विकला गेला, आणि शेवटी कुणीतरी तो सन्मानाने 'दान' केला! ऑक्टोबर २०२२ मध्ये स्मिथसोनियनने अशा २९ वस्तूंची मालकी नायजेरियाला परत दिली. मला तर पाठबळ म्हणावं असं हेच वाटतं. त्यासाठी मेजवानी द्या ना.

तरी एखाद्या श्रीमंताचाच सत्कार करायचा असेल, तर माझं मत नायजेरियातल्या लागोसच्या येमिसी शायलॉन यांना. आयुष्यभर जमवलेल्या कलाकृतींपैकी सुमारे हजार त्यांनी तिथल्याच पॅन-अटलांटिक विद्यापीठाला दिल्या. २०१९ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. लागोसची पोरं ती बघतात, विमानाचं तिकीट न काढता. संग्रहालयाला नाव शायलॉन यांचंच आहे. असू दे.