‘एक्मोवर ट्रॅकिऑस्टॉमी म्हणजे मरण’ या मेसेजला उत्तर

“पेशंट व्हेंटिलेटरवर किंवा एक्मोवर असेल तर ट्रॅकिऑस्टॉमीच्या संमतिपत्रावर सही करू नका. रक्त पातळ करायचं औषध चालू असतं. गळ्याला भोक पाडलं की रक्त थांबत नाही. शिवाय ते भोक जन्माचं.” हा मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतोय. ट्रॅकिऑस्टॉमी म्हणजे गळ्याला छोटं भोक करून श्वासनलिकेत श्वासाची नळी बसवणं; एक्मो म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून त्यात ऑक्सिजन मिसळून परत देणारं यंत्र. आयसीयूबाहेर हवालदिल होऊन बसलेले नातेवाईक तो वाचून सही अडवून धरतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘रक्त थांबत नाही.’ एक्मोवर धोका वाढतो, हे खरं. यंत्राच्या नळ्यांत गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन हे रक्त पातळ करायचं औषध द्यावं लागतं, आणि यंत्रातून फिरून फिरून प्लेटलेटही घटतात. पण जर्मनीत एक्मोसारख्या यंत्रांवरच्या ११८ रुग्णांच्या ट्रॅकिऑस्टॉमीचा अहवाल २०१३ साली आला. त्यात किरकोळ रक्त जवळपास एकतृतीयांश रुग्णांना आलं. मोठा रक्तस्राव फक्त दोघांना.

‘औषध चालू असतानाच कापतात.’ सहसा नाही. हेपॅरिन तासभर किंवा त्याहून आधी बंद करतात. त्याचा असर लवकर ओसरतो. प्लेटलेट तपासतात, कमी असतील तर चढवतात. गळ्यावर सोनोग्राफी करून आडवी जाणारी शीर कुठे आहे ते बघतात. मग कातडीला जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचा छेद, सुई, तार, आणि त्या तारेवरून वाट हळूहळू रुंद करत नेतात. सुई नेमकी कुठे शिरली ते आतल्या दुर्बिणीतून दिसत असतं. वाट कापण्याऐवजी ताणून केल्यामुळे भोवतालचं मांस नळीला घट्ट बसतं आणि बारीक रक्तवाहिन्या त्या दाबानेच बंद होतात.

खरी भीती ज्याची बाळगायची, ते मेसेजमध्ये नाहीच. नळी घासून छातीतल्या मोठ्या धमनीला छिद्र पडू शकतं. हे क्वचितच, शंभरात एकापेक्षाही कमी जणांना होतं, बहुधा पहिल्या तीन-चार आठवड्यांत; पण झालं तर जीवघेणं. तीन दिवस उलटल्यावर नळीतून ताजं लाल रक्त आलं, तर ते आपोआप थांबलं तरी लगेच सिस्टरना सांगा, डॉक्टरांना बोलवायला लावा. मोठ्या रक्तस्रावाआधी अनेकदा असा थोडा इशारा मिळतो.

‘भोक जन्माचं.’ नळी काढल्यावर बहुतेकांचं काही दिवसांत बुजतं.

मात्र घाईने सही करायचीही गरज नसते. ब्रिटनमध्ये व्हेंटिलेटरवरच्या ९०९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत चार दिवसांच्या आत ट्रॅकिऑस्टॉमी केली काय आणि दहा दिवस थांबलं काय, महिन्याभरातल्या मृत्यूंचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. थांबलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना तर ती लागलीच नाही. तेव्हा डॉक्टरांना विचारा: आजच का? प्लेटलेट किती आहेत? हेपॅरिन कधी थांबवणार, परत कधी सुरू करणार?