मामा, पाणी वर चढत नाही हो!

काल रात्री मामांनी टाकलेला व्हिडिओ सकाळपर्यंत नात्यातल्या तीन ग्रुपांवर फिरून परत माझ्याकडेच आला. दगडी पुलाच्या मधूनच उसळणारे पाण्याचे फवारे, आणि खाली मजकूर : 'सामुराईंनी हजार वर्षांपूर्वी बांधलेला पूल. पंप नाही, वीज नाही, गुरुत्वाकर्षणाला न जुमानता पाणी आपोआप वर चढते! भूकंपातही एक दगड हलला नाही. देखभाल शून्य!'

पूल खरा आहे. जपानमधल्या कुमामोतोचा त्सूजुन पूल. पण हजार वर्षे कुठून काढली? तो १८५४चा. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, त्याच्या पुढच्या वर्षीचा. सामुराईंचेही सोडा, काम उभे केले फुता यासुनोसुके या गावकारभाऱ्याने आणि हात लागले पाथरवटांचे.

आता ते गुरुत्वाकर्षण. मामा, तुमचे घर बांधताना गवंड्याने पाणी भरलेल्या नळीचे एक टोक तुमच्याच हातात दिले होते ना? नळी मध्ये कितीही लोंबली तरी दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत. त्सूजुनचे गुपित एवढेच. ज्या पठाराला पाणी द्यायला हा पूल बांधला, ते शिराइतोचे पठार दऱ्यांनी वेढलेले, पाणी दरीपलीकडे, आणि पठाराला भिडेल एवढी उंच दगडी कमान तेव्हा झेपणारी नव्हती. म्हणून पूल वीसेक मीटरवरच थांबवला आणि त्यावरून दगडात कोरलेल्या तीन बंद नळ्या नेल्या. पाणी एका काठाने उतरते, पूल ओलांडते, दुसऱ्या काठाने चढते. पण जिथे शिरले त्याहून खालीच बाहेर पडते. म्हणजे ज्याला 'न जुमानता' म्हणताय, सगळी राबणूक त्याचीच! खरी डोकेफोड होती सांध्यांची. दाबाखाली पाणी फुटू नये म्हणून खास चुन्याचे मिश्रण तयार करावे लागले. त्याबद्दल मजकुरात एक अक्षर नाही.

फवारे नळ्यांतला गाळ काढण्यासाठी सोडतात. हल्ली पर्यटकांसाठीही सोडतात, ते असो. पंप आणि वीज नाही, हे मात्र खरे. तेवढे मार्क देतो.

पण 'देखभाल शून्य' वाचून डोकेच फिरले. २०१६च्या भूकंपात नळ्यांना गळती लागली. २०१८च्या पावसात भिंतीचे दगड ढासळले. पुन्हा फवारे उडायला २०२० उजाडले. २०२३ साली जपान सरकारने राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केला तो हाच, डागडुजी केलेला पूल.